शिवणीतली रेघ

समता हनवते हिला जुनं अक्षर वाचता आलं ते आधी हाताने, डोळ्यांनी नंतर. मुखेडच्या वाचनालयात एक निवृत्त शिरस्तेदार दर रविवारी मोडी शिकवायचे. त्यांची रीत एकच. ज्याचं अक्षर वाचायचं, त्याचं अक्षर आधी गिरवायचं. बोरू तासायचा, कागदावर डावीकडून उजवीकडे एक लांब सरळ रेघ ओढायची आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची, दोरीवर धुणं टाकावं तशी. नवा बोरू चालतो का हे पाहायला बाकीची मुलं रेघेखाली श्री लिहीत. समता स्वतःचं नाव लिहायची. शिरस्तेदारांनी एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, लिही, तेही चालतं.

त्याच वाचनालयात तिने आपल्या पणजोबांचा जमिनीचा कागद वाचला. खाली अंगठा पणजोबांचा आणि वर मजकूर भलत्याच माणसाचा. जे पणजोबा जन्मात बोलले नसतील ते त्या मजकुराने त्यांच्या तोंडी घातलं होतं. त्या दिवसापासून समताला खोड लागली. कुठलाही कागद समोर आला की त्यात काय लिहिलंय हे ती नंतर बघते, लिहिणारा हात कुणाचा हे आधी.

हीच खोड तिला हॉलंडला घेऊन आली. पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि मशीनला माणसाचं हस्ताक्षर वाचायला शिकवण्याच्या कामात शिरली. नवरा लोकेश डीमन गावी आयटीत, घरही तिथेच. ती रोज ट्रेनने लायडनला जायची आणि तिथल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहात, खिडकीपासून लांब, मंद दिव्याखाली बसायची.

तिच्या वाट्याला एकच पुस्तक आलं होतं. एका रोमन इतिहासकाराचा छापील ग्रंथ, वासराच्या कातड्याने बांधलेला, चारशे वर्षांपूर्वीचा. त्याचा मालक योरिस वेलिंग. त्या काळी विद्वान मंडळी आपलं नावही लॅटिन करून घेत, म्हणून हा कागदोपत्री वेलिंगियुस. मठामठांतून आणलेल्या जुन्या पोथ्या त्याने या छापील ग्रंथाशी शब्द न् शब्द ताडून पाहिल्या होत्या. कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा पडतो ते समासात बारीक अक्षरात टिपलं होतं. चाळीस वर्षं. एक मूल जन्मून, वाढून, त्याचे केस पिकायला लागावेत, तेवढा काळ हा माणूस एका मेलेल्या माणसाची वाक्यं दुरुस्त करत बसला होता.

म्हातारपणी तो आंधळा झाला अशी वदंता होती. पण समताची वरिष्ठ हेस्टर ती मानत नव्हती. हेस्टर साठीला टेकलेली डच बाई, सायकलवरून येणारी, शब्द मोजून बोलणारी. तिचं म्हणणं साधं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर एकच आहे, मग माणूस आंधळा कसा? संग्रहाच्या यादीत तिने वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं: हात एक.

समताला ते पटेना. अक्षराचं वळण एकच होतं खरं. पण तिने वळण पाहिलंच नाही, तिने शाई पाहिली. पहिल्या अर्ध्या पुस्तकात लेखणी दर आठ-नऊ शब्दांनी दौतीत बुडत होती, वाक्य कुठेही असो. मध्येच अक्षर फिकं होत जायचं आणि मग एकदम काळंभोर उठायचं. मागच्या अर्ध्यात तसं नव्हतं. तिथे शाई बरोबर वाक्य संपल्यावर घेतलेली. समताने ओळखलं. इथे कुणीतरी सांगतंय आणि कुणीतरी लिहितंय. सांगणारा दम घ्यायला थांबतो, तेवढ्यात लिहिणारा लेखणी बुडवून घेतो.

तिने हे हेस्टरला दाखवलं. हेस्टरने चष्मा वर केला, खाली केला. निरीक्षण सुंदर आहे, पण म्हाताऱ्या माणसाच्या सवयी बदलतात, असं म्हणाली. पुरावा हवा, शक्यतो नाव हवं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या नोंदी बंद होणार होत्या. त्यानंतर निदान दहा वर्षं कुणी त्यांना हात लावणार नव्हतं, आणि मशीन हजारो लोकांना सांगत राहणार होती की हे सगळं योरिस वेलिंगने लिहिलं.

त्या दिवशी सोमवार होता.

आता बोरूची गोष्ट सांगायला हवी, कारण ती दीड महिना आधी सुरू झाली होती.

समताची रीत मुखेडचीच होती. वाचायचं त्याचं अक्षर गिरवायचं. ग्रंथसंग्रहात पेन्सिलीशिवाय काही चालत नाही, म्हणून गिरवणं डीमनच्या घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर चाले. गावाहून आणलेला बोरू ऑक्टोबरअखेर चिरला. घरामागच्या कालव्याच्या काठी बोरूसारखाच, माणूसभर उंचीचा देवनळ माजलेला, थंडीने वाळून पिवळा पडलेला. तिने त्यातलं एक कांडं कापून आणलं, तासलं, टोकाला चीर दिली, दौतीत बुडवलं. सवयीने लांब रेघ ओढली आणि नाव लिहायला हात खाली आणला.

हाताने समता लिहिलं नाही.

रेघेखाली आठ रोमन अक्षरं उमटली, तिरकी, जुन्या वळणाची. मधल्या एच-ला खाली फास, शेवटच्या टी-ला आकडी. माख्टेल्ट. समताने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. गिरवून गिरवून हात वळला असेल म्हणून सोडून दिलं.

कालव्याचा देवनळ नरम, आठ दिवसांत टोक पसरतं. तिने दुसरा तासला. रेघ ओढली. माख्टेल्ट. तिसरा तासला. तेच. मजकूर लिहायला घेतला की हात तिचाच असायचा. पहिल्या ओळीपुरता तेवढा कुणीतरी मागून घ्यायचा, शेजारणीने सांडशी मागून न्यावी आणि लगेच परत करावी तसा.

लोकेशला ते कागद सापडले.

"वायफायचा पासवर्ड बदललास का गं?" तो म्हणाला.

"मला माहीत नाही ते काय आहे."

"लिहिलंयस तू, आणि माहीत नाही म्हणतेस. आईला सांगू का? म्हणेल, पोरगी तिकडे जाऊन अंगात आणायला लागली." पण समता हसली नाही, तेव्हा त्याने खुर्ची ओढली आणि फोनवर शोधलं. मग फोन तिच्यापुढे सरकवला. बाईचं नाव होतं. इथलंच, जुनं. आता सहसा कुणी ठेवत नाही.

तोवर पाच बोरू झाले होते. सोमवारी हेस्टरशी बोलणं झालं आणि त्या संध्याकाळी समताने सहावा तासला. लोकेश शेजारी उभा राहून बघत होता. रेघ ओढली गेली आणि नाव उमटलं. तिचं मनगट त्या वेळी टेबलाला टेकलेलंही नव्हतं, असं लोकेश नंतर म्हणाला. त्या रात्री त्याने थट्टा केली नाही.

मंगळवारी समताने हेस्टरला विचारलं, वेलिंगच्या घरात माख्टेल्ट नावाचं कुणी होतं का? हेस्टरने चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदी काढल्या. तिला बराच वेळ लागला. मुलगी होती. लग्न झालेलं नाही. बापाच्या मागे सहा वर्षं जगली. तिच्याविषयी याहून एक ओळ कुठे नाही.

"हे नाव तू कुठे वाचलंस?" हेस्टरने विचारलं.

समता खोटं बोलली नाही. नीट सांगता येणार नाही, पण डोळ्यांखालून गेलंय, एवढंच म्हणाली. हेस्टर म्हणाली की मुलगी असणं आणि मुलीने लिहिणं यांत फार अंतर आहे. कित्येक विद्वानांना मुली होत्या.

बुधवारचा पूर्ण दिवस समताने पानांची छायाचित्रं पाहण्यात घालवला. मुलीने बापाचं वळण असं काही उचललं होतं की एकही अक्षर घसरलेलं सापडेना. संध्याकाळी ट्रेनमध्ये ती दमून काचेला डोकं टेकून बसली. बाहेर साडेचारलाच अंधारून आलं होतं. सपाट शेतं, त्यांच्यामधून काळे पाण्याचे पट्टे, शाईने ओढल्यासारखे सरळ. तिची नजर त्या पट्ट्यांवरून सरकत होती आणि एकदम तिला उमगलं.

दुसऱ्याच्या वळणाने लिहिणारा माणूस शब्दागणिक सावध असतो. पण नवी लेखणी तासली की ती चालते का हे पाहताना कोण सावध असतं? तिथे हात आपलाच असतो. हंसाचं पीस तासल्यावर माख्टेल्टही कुठेतरी चार फराटे मारत असेल, काहीतरी खरडत असेल. कुठे? कागद महाग. बापाला दिसत नव्हतं, पण बापाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना दिसत होतं. मग कुणाला दिसणार नाही अशा जागी. पुस्तकाच्या शिवणीत, जिथे दोन पानं एकमेकांत बुडतात.

छायाचित्रांत ती जागा नव्हतीच. बांधणी घट्ट म्हणून पुस्तक अर्धंच उघडून फोटो काढले होते.

गुरुवारी दुपारी हेस्टरने परवानगी आणली. स्पंजाच्या उशांवर पुस्तक ठेवलं, बांधणी सोसेल तेवढं उघडलं. समताने दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा शिवणीत सरकवला, हेस्टरने बारीक बॅटरी धरली. पुस्तकातून जुन्या सरसाचा आणि थंड मातीचा वास येत होता. पहिल्या अर्ध्यात शिवण कोरी होती.

मग मागचा अर्धा सुरू झाला. तिथे फराटे होते. छोटे, उभे, तीन-तीन, चार-चार. पान उलटलं की आणखी. कितीतरी वर्षांच्या कितीतरी लेखण्या, कुणाला कळू नये अशा अंधारात चालून पाहिलेल्या.

शेवटच्या पन्नास पानांत आरशात अक्षरं आली. उलटी होती, तरी समताला उलटवून घ्यावी लागली नाहीत. एच-ला फास. टी-ला आकडी.

हेस्टरने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. वीस वर्षं हे पुस्तक माझ्या हाताखाली होतं, ती हळूच म्हणाली. आणि मग तिने डोकं आणखी खाली नेलं.

"पण ही वरची रेघ कसली?"

नावाच्या वर एक लांब सरळ रेघ होती. अक्षरं तिला खालून टांगलेली.

"आमच्याकडे असं कुणी लिहीत नाही," हेस्टर म्हणाली. "रेघ अक्षराच्या खाली असते. अक्षर रेघेवर उभं राहतं. हे लोंबतंय."

समताने रेघ ओळखली. ती मुखेडची होती. हेस्टरने निळा दिवा आणून शाई तपासली. कुणी नंतर खरडलेलं असतं तर तिथेच नोंद बुडाली असती. पण रेघ, नाव आणि समासातल्या टिपा, सगळ्यांची शाई एक निघाली. दिव्याखाली तिन्ही सारखीच काळी.

रेघेखालचं नाव त्यांना आणखी पाच ठिकाणी सापडलं. म्हणजे सहा. समताने ते आकडे पेन्सिलीने टिपले आणि पेन्सिल खाली ठेवली. अगदी शेवटच्या टिपेच्या पानावर सातवी रेघ होती. तिच्याखाली काहीच नव्हतं.

"इथे नाव का नसेल?" हेस्टरने विचारलं. समताने आरसा शिवणीतून बाहेर काढला.

शुक्रवारी हेस्टरने जुनी नोंद स्वतःच्या हाताने खोडली. हात दोन, असं लिहिलं. पहिला योरिस वेलिंग, दुसरा त्याची मुलगी माख्टेल्ट. रेघेविषयी तिने एवढंच लिहिलं की प्रयोजन अज्ञात. मग तिने कीबोर्ड समताकडे सरकवला. शेवटचं बटण तू दाब, म्हणाली. समताने दाबलं, आणि चारशे वर्षं शिवणीत दडून राहिलेलं नाव उजेडात आलं. दाबताना तिला पणजोबांचा अंगठा आठवला. कुणाचं तरी कुणाला परत मिळालं होतं.

घरी आल्यावर तिने लोकेशला सगळं सांगितलं. तो रेघेपाशी अडला.

"तू मुखेडला शिकलेली रेघ तिला कुणी शिकवली?"

"तिने माझा हात मागून नेला होता ना," समता म्हणाली. "नेताना त्याची सवय पण गेली असेल."

"आणि सातवी?"

सहा बोरू तिने तासले होते. सातवा तासलेला नव्हता. आता काम संपलं होतं, अक्षर गिरवायची गरज उरली नव्हती. तासला नाही तर कुणी विचारणार नव्हतं. शनिवार तिने तसाच जाऊ दिला. धुणं केलं, भाजी आणली, आईला फोन केला. पण हाताला चैन नव्हतं. कामापेक्षा जास्त काहीतरी राहिलंय, अशी मनगटात ओढ होती.

रविवारी सकाळी कालव्यावर पातळ बर्फ धरलं होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी काठचा देवनळ एकाच जागी हलत होता. समताने तिथलंच कांडं कापलं. घरी येऊन तासलं, चीर दिली, दौतीत बुडवलं. लोकेश दारात उभा राहिला. तिने कोरा कागद घेतला आणि डावीकडून उजवीकडे एक लांब सरळ रेघ ओढली.

बोरू रेघेखाली आणला आणि वाट पाहिली.

टोकावर शाईचा थेंब फुगला, पण पडला नाही. हात हलला नाही. तो पुन्हा पूर्ण तिचाच झाला होता, हलका आणि थोडा गार. नाव लिहायची आता कुणाला गरज नव्हती. ते लिहिलं गेलं होतं.

समताने स्वतःचं नावही लिहिलं नाही. ती जागा कोरीच राहायची होती, हे तिने गुरुवारी आरशात पाहिलं होतं. तिने बोरू पुसून ठेवला आणि रेघ वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसली.