गंजीच्या जागेवरची वांगी

मार्गशीर्षातला गारठा असा, की उन्हं कौलांवर आली तरी वांग्याच्या पानांवरचं दव उतरत नव्हतं. मनकर्णाबाईनं पदर कानाभोवती आवळला, बांबूचं डालं दोन्ही हातांनी जरासं उचललं आणि वाफ्यातून पुढं सरकवलं. आतल्या कोंबड्या कुरकुरत त्याच्याबरोबर चालल्या. नवी जागा मिळाली तशा लागल्या उकरायला.

मग ती ओळीओळीनं फिरली. ज्या झाडाचा शेंडा मान टाकलेला दिसेल तो खुडायचा, कुठं वांग्याला छिद्र दिसलं की तेही तोडायचं, आणि डाल्याच्या वरच्या तोंडातून आत टाकायचं. शेंड्यातली अळी बाहेर यायच्या आधीच कोंबडीच्या पोटात. हे काम ती भादव्यापासून करत होती. पण आज तिचा हात दर वांग्यावर अंमळ जास्त रेंगाळत होता, कारण उद्या चंपाषष्ठी होती.

या घरात आषाढापासून वांगं बंद असे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवद दाखवायचा, मगच ते तोंडात घालायचं. यंदा त्या भरतावर तिचं सगळंच अडकलं होतं.

घरामागची ही जागा मुळात कडब्याची गंजी रचायची. उन्हाळ्यात बैलांनी गंजी खाऊन संपवली की मोकळी पडे, पावसात तिथं तरोट्याचं तण माजे, आणि ज्वारी निघाली की पुन्हा गंजी. घर कपाशी-ज्वारीचं. भाजी धाड गावच्या बाजारातून यायची, नाहीतर नदीकाठी माळवं पिकवणाऱ्या वच्छलाबाईच्या टोपलीतून. वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा त्या दिवसांत कापूस सरकी काढायला मलकापूरच्या जिनात गाड्यांनी जायचा, आणि ज्याच्या घरी कपाशी त्यानं वांग्याकडं बघायचं नाही, अशीच रीत होती. मृग झाल्यावर मनकर्णाबाईनं सासऱ्यांकडं, कडूबांकडं, विषय काढला.

"मामाजी, गंजीची जागा मले द्या. वांगे लावीन."

"अन् कडबा कुठं ठेवू? तुह्या डोक्यावर?"

"गोठ्याच्या मांगं मावते."

कडूबांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. "बरं. पण चंपाषष्ठीचं भरीत याच जाग्यातलं झालं पायजे. किडकं वांगं निवदाले चालत नाही, हेही ध्यानात ठेव. नाही झालं तं गंजी इथंच. अन् त्या कोंबड्याही बाजारात. अंगण उकरून राह्यल्या माह्यं."

कोंबड्या तिनं माहेराहून आणल्या होत्या, तीन तरण्या तलंगा आणि एक जुनी खुडूक कोंबडी. त्या तिला विकायच्या नव्हत्या. तिनं त्याच दिवशी तरोटा उपटला, न्हाणीच्या पाण्याला चारी काढली आणि वच्छलाबाईकडून रोपं आणून लावली.

पहिली चूक तिथंच झाली. जन्मभर तिनं वावरात शेणखत टाकलेलं. शेणखत जेवढं घालावं तेवढं कमीच, हे हाताला ठाऊक. तिनं खुराडं झाडलं आणि कोंबड्यांची ताजी विष्ठा त्याच हातानं, रोपागणिक ओंजळ ओंजळ, बुडाशी घातली. चार दिवसांत पानं कडांनी करपली, आठवड्यात वाफा पिवळा पडला.

कडूबा बघायला आले. "झालं की भरीत तुह्यं," ते म्हणाले. "तेही बिना विस्तवाचं."

वच्छलाबाई तर हसता हसता खालीच बसली. "व माय, कोंबडीचं खत गरम असते. शेनासारखं घालतेत का कोनी? उकिरड्यात पाऊस खाऊ दे त्याले. मंग चिमूट चिमूट." तिनं दुसरी रोपं दिली, पण जाता जाता म्हणाली, "उशीर झाला वं मनकर्णे. धरतीन तं धरतीन."

दुसरी रोपं धरली, तेव्हा कोंबड्या वाफ्यात शिरल्या. अर्धी ओळ उकरून टाकली. नवरा उकंडराव बैलांना पाणी दाखवून परत येत होता, त्यानं पाहिलं.

"अवं, यक काहीतरी ठेव. कोंबड्या तं कोंबड्या, नाहीतं वांगे. दोन्ही काऊन पायजे तुले?"

"दोन्ही राहतीन," ती म्हणाली. कशा राहतील, हे तिलाही माहीत नव्हतं. तिनं रागानं कोंबड्या हाकलल्या, धरल्या आणि त्याच वाफ्यात दोन ओळींच्या मधोमध डाल्याखाली कोंडल्या. सकाळी उचलून बघते तर डाल्याएवढी जागा चक्क निंदून निघालेली. तण नाही, किडा नाही. वांग्याच्या मुळाला मात्र नख लागलेलं नव्हतं. तेव्हापासून डालं रोज सरकू लागलं, आणि त्याच्या मागं मागं वांगी वाढू लागली.

चंपाषष्ठीला तिनं पाटीभर वांगी तोडली. हिरवी, हाताला गार, देठाला काटे. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या विस्तवावर ती भाजली जात असताना कडूबा समोर येऊन बसले. सोलायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. मनकर्णाबाई रोडगे उलटत होती, पण नजर त्यांच्या बोटांवर होती.

पहिलं वांगं फाडलं. आत पांढरंशुभ्र, बिया कोवळ्या. दुसरं तसंच. तिसऱ्यात काळी वाट निघाली. कडूबांनी ते तिच्यापुढं धरलं.

"हे पाय. किडकं."

"ते कोंबड्याईचं," ती म्हणाली आणि हातातून घेऊन बाजूला ठेवलं. "बाकीचे पाहा."

कडूबांनी बाकीची पाहिली. एकेक फाडून, उजेडाकडं धरून पाहिली. पाटी संपली तरी दुसरं किडकं निघालं नाही. मग भरताला मिरची कुटायला त्यांनी स्वतःच उखळ ओढलं. खंडोबाची तळी उचलली गेली, निवद झाला, आणि जेवताना त्यांनी भरीत तिसऱ्यांदा मागून घेतलं.

दुपारी कडब्याची पहिली गाडी आली. उकंडराव वर भाऱ्यांवर बसलेला, कासरा ढिला. बैल दरसालच्या सवयीनं आपोआप घरामागं वळले. मनकर्णाबाई भांडी घासत होती, तिचे राखेचे हात तसेच थांबले.

कडूबा काठी टाकून पुढं धावले. बैलाची वेसण धरली.

"इकडं नाही. गोठ्याच्या मांगं घे."

"दरसाल तं इथंच..."

"बैलाले समजत नाही, तुले तं समजते नं बे? सुनेची वांग्याची वाडी हाये ते. चाक गेलं तं तंगडं मोडीन तुह्यं."

वाडी. आजवर या जागेला घरात गंजीची जागा म्हणत. मनकर्णाबाईनं पदरानं तोंड झाकलं. तोंडावरचं हसू सासऱ्यांना दिसू नये एवढंच. उकंडराव बैल वळवताना तिच्याकडं बघत पुटपुटला, "आता तं मलेच बाजारात नेऊन इकतीन."

गाडी करकरत गोठ्यामागं गेली. तिनं हात धुतले, ठेवलेलं किडकं वांगं उचललं आणि डाल्याच्या तोंडातून आत टाकलं. खुडूक कोंबडीनं ते आधी पळवलं. मग मनकर्णाबाईनं डाल्याच्या कडेखाली बोटं घातली आणि ते पुढच्या हातभर मातीवर सरकवलं.