हातवऱ्याचा एक झेंडा

प्रबोध मोहित्यांना सिंगापुरात येऊन एकोणीस वर्षं झाली, तरी इस्लामपुरात त्यांना अजून कुणी प्रबोध म्हणत नाही. तिथं ते हातवऱ्या. हातवऱ्याचा फोन आला होता, हातवऱ्या औंदा दिवाळीला येणार म्हणं, असंच चालतं. सुनेत्रा लग्न होऊन पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी 'हातवऱ्याची बायको आली' म्हणून दारं भरून टाकली होती. पुण्याची पोरगी ती. रात्री नवऱ्याला विचारलं, हे काय नाव आहे? आणि कारण कळल्यावर म्हणाली, हे नाव पुन्हा माझ्यापुढं कुणी घेतलं तर मी परत येणार नाही.

नाव पडलं ते कबड्डीपायी. तालुक्याचा अंतिम सामना, गुण सारखे, शेवटची चढाई. बावीस वर्षांचा प्रबोध डाव्या कोपऱ्यात उभा. समोरचा गडी आत आला, हात फिरवला आणि रिकामाच परत गेला असं साऱ्या मैदानाला वाटलं. पंचाला वाटलं. खुद्द त्या गड्यालाही तसंच वाटलं. फक्त प्रबोधच्या कानाच्या पाळीला त्याचं नख लागलं होतं. वडलांनी, म्हणजे आप्पांनी, लहानपणी शिकवलेलं एवढंच ठाऊक, की लागलं की हात वर करायचा. त्यानं हात वर केला आणि चालत रेषेबाहेर गेला. एका गुणानं सामना गेला. संघानं टेम्पोत त्याला जागा दिली नाही, बोरगावच्या मैदानापासून घरापर्यंत गडी चालत आला. तो पोचायच्या आधी नाव पोचलं होतं.

आता वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत मालाची कागदपत्रं बघतात, वुडलँड्सला नवव्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि मार्च ते सप्टेंबर दर शनिवारी पांढरा कोट घालून चार खांबांखाली उभे राहतात. हा कोट अंगात कसा आला तेही सांगायला पाहिजे. आठ वर्षांपूर्वी त्यांचा ऑस्ट्रेलियन साहेब त्यांना आपल्या देशाचा फुटबॉल दाखवायला घेऊन गेला. मैदान अंड्यासारखं, चेंडूही अंड्यासारखा, आणि खेळणारे एकमेकांच्या खांद्यावर चढून तो झेलत होते. प्रबोधरावांना खेळ कळला नाही, पण गडी आवडले. त्यातच क्लबचा गोल-पंच आला नाही. हौशी लीगमध्ये भाड्याचे पंच परवडत नाहीत, म्हणून दोन्ही क्लबांनी आपला एकेक माणूस द्यायचा अशी रीत. साहेबानं कोट यांच्या अंगावर चढवला आणि दोन मिनिटांत नियम सांगितला: मधल्या दोन खांबांतून लाथेनं मारलेला चेंडू सरळ गेला तर सहा गुण, दोन झेंडे हलव. वाटेत कुणाच्या बोटाला नुसता शिवला तरी सहाचा एक होतो, झेंडाही एकच हलव.

"म्हंजे लागला का नाही, एवढंच बघायचं?" प्रबोधराव मराठीतच म्हणाले. साहेबानं मान डोलावली. त्याच दिवशी त्यांनी साहेबाच्याच मुलाच्या गोलला एक झेंडा दाखवला. साहेब बाजूनं ओरडत होता, हे हलले नाहीत. सोमवारी ऑफिसात साहेबानं स्वतः कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून टेबलावर ठेवली, आणि कोट कायमचा यांचा झाला.

क्लबाचं नाव कॉजवे क्रोकोडाइल्स. मराठी मंडळी म्हणतात मगरी. मुख्य संघात धडधाकट ऑस्ट्रेलियन पोरं. पण वुडलँड्सच्या लोकांचा जीव दुसऱ्या फळीवर, म्हणजे रिझर्व्ह संघावर. त्यात पोटं सुटलेले चार-पाच बाप, एक मलय शिक्षक, एक फिलिपिनो नर्स, आणि दोन वर्षांपासून रुचिर, पुण्याहून नोकरीसाठी आलेला सत्तावीस वर्षांचा इंजिनीअर, बांबूसारखा उंच. हा बचावाला उभा राहायला लागला तशी आसपासची मराठी घरं डबे घेऊन शनिवारची मैदानावर यायला लागली. संजीव कर्णिक म्हणून मुंबईचे बँकवाले आहेत, त्यांनी व्हॉट्सअॅपवर 'मगरमिठी' नावाचा ग्रुप काढला. सुनेत्राही त्यात आहे. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण डब्यांची यादी तीच करते.

तर परवाच्या शनिवारी या रिझर्व्ह संघाची सेमीफायनल होती. समोर हार्बर हेरन्स, म्हणजे आपले बगळे. शेवटचं मिनिट, मगरी पाच गुणांनी पुढं. बगळ्यांचा कप्तान ग्रेग, चाळीस पावलांवरून त्यानं लाथ मारली. चेंडू कोलांट्या घेत थेट मधल्या खांबांकडं आला. रुचिरनं उडी मारली, हात ताणला, आणि चेंडू त्याच्या बोटांवरून पलीकडं गेला. बगळे नाचायला लागले. प्रबोधरावांनी पाय जुळवून उभं राहत एक झेंडा हलवला.

सहा गुण असते तर मगरी एका गुणानं हरल्या असत्या. एकच दिला म्हणून चार गुणांनी जिंकल्या.

रविवारी सकाळी वुडलँड्सच्या कॉफीशॉपमध्ये मंडळी जमली तेव्हा विजयाची चर्चा कालपासून थांबलीच नव्हती. कोण किती पळाला, नर्सनं कसा झेल घेतला, बगळ्यांचं तोंड कसं झालं, सगळं तिसऱ्यांदा चाललं होतं. दोन टेबलं जोडलेली, त्यावर कोपी, थोसाई म्हणजे इथला डोसा, आणि कुणाच्या तरी घरचे तिखटमिठाचे शंकरपाळे. प्रबोधराव, सुनेत्रा आणि त्यांची एकोणीस वर्षांची इरा आले तसे संजीव कर्णिक खुर्चीतून उठले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

"या, सामनावीर."

लोक हसले. प्रबोधरावही हसले. मग संजीवरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आवाज खाली आणला, इतकाच खाली की सगळ्या टेबलाला ऐकू जावा.

"प्रबोधराव, मानलं तुम्हाला. हात जरासुद्धा थरथरला नाही."

"का थरथरावा? चेंडू लागला होता."

"हो, हो. लागलाच होता." संजीवरावांनी डोळा मारला. त्यांच्यामागून टेबलावर आणखी दोघांनी मारला.

प्रबोधरावांच्या तेव्हा ध्यानात आलं. कालपासून ग्रुपवर जे झेंडे, हार आणि हात जोडलेले चेहरे येत होते ते चांगल्या नजरेचे नव्हतेच. यांना वाटत होतं, आपल्या माणसानं आपल्यासाठी झेंडा खाल्ला. त्यांनी सांगून पाहिलं, की चेंडू सरळ कोलांट्या घेत येत होता आणि रुचिरच्या हातावरून जाताना एकदम लंगडला, फिरकीच बदलली त्याची. जितकं जास्त सांगावं तितके लोक समजूतदार चेहरे करू लागले. एकजण म्हणाला, पंचाकडं असं काहीतरी स्पष्टीकरण तयार पाहिजेच. इराही म्हणाली, "बाबा, nobody is blaming you lah."

आणि सुनेत्रानं त्यांच्यापुढं कोपी सरकवली. हळूच, प्रेमानं म्हणाली, "अहो, सोडा ना. बरं केलंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा व्यवहाराला धरून वागलात."

हे मात्र लागलं. संजीव कर्णिकांचं काही वाटलं नसतं, बँकवाला माणूस, चार ठिकाणचं पाणी प्यालेला. पण ही सव्वीस वर्षं संसारात आहे. हिची नोकरीच लोकांचे खोटे कागद पकडायची. बँकेत हिच्यापुढं बसून भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि घरातला माणूस हिला वाचता येऊ नये? तिकडं खरं केलं तर टेम्पोत जागा नाही. इकडं खरं केलं तर चोर म्हणून ओवाळणी. प्रबोधरावांनी कोपीचा घोट घेतला. त्यांना स्वतःबद्दल तसूभरही शंका नव्हती. पण कोपी कडू लागली.

तेवढ्यात रुचिर आला. टाळ्या झाल्या, त्याला मधली खुर्ची मिळाली. संजीवरावांनी लगेच त्यालाच साक्षीला ओढलं. सांग बाबा, लागला होता का चेंडू?

रुचिर बिचारा सरळ पोरगा. तो प्रबोधरावांकडं बघून गडबडला. "खरं सांगू काका? मला काही कळलंच नाही. उडी मारली तेव्हा कुणाचं कोपर बरगडीत बसलं होतं. लागला असेल, नसेलही."

टेबलावर हशा झाला. आणि पाण्याचा ग्लास उचलायला रुचिरनं उजवा हात पुढं केला तसा सुनेत्राला तो दिसला. मधलं बोट आणि शेजारचं बोट, दोन्ही एकत्र पट्टीनं बांधलेली. पट्टीबाहेर आलेलं मधल्या बोटाचं नख जांभळं पडलेलं.

"हे काय झालं रे?" तिनं विचारलं.

रात्री सुजलं म्हणाला. डॉक्टर म्हणाले, बोटाच्या टोकाला जोरात काहीतरी बसलंय.

संजीव कर्णिकांनी चष्मा वर करून नख पाहिलं. कुणीतरी म्हणालं, अरे, म्हणजे खरंच लागला की. दोन-तीन माना प्रबोधरावांकडं वळल्या. आता हे टेबलावर मूठ आपटणार, सांगितलं नव्हतं का म्हणणार, अशी सगळ्यांची खात्री.

प्रबोधरावांनी पोराचा हात हातात घेतला, बोट उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिला.

"हे कधीचंबी असंल," ते म्हणाले. चिडले किंवा मनापासून बोलले की त्यांची भाषा आपोआप कृष्णाकाठी जाते. "पहिल्या अर्ध्यात ह्यानं तीन झेल सांडलेत, त्यातल्या एखाद्याचं असंल. ह्या बोटावर जाऊ नका. मी बघितलंय म्हणून सांगतोय, तेवढ्यावर जायचं तर जावा."

संजीव म्हणाले, अहो, आयता पुरावा चालून आलाय, घ्या की.

"त्यो पुरावा नव्हं. मला ठाऊक नाही ते मी कसं ठाऊक हाय म्हणू?"

सुनेत्रा शंकरपाळ्याचा डबा बंद करत होती, तिचा हात झाकणावर थांबला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. असं ती बँकेत बघते, समोरच्याच्या कागदांवरून नजर काढून त्याच्या तोंडाकडं. बावीस वर्षांच्या नोकरीत तिनं खोटी माणसं पोत्यानं पाहिली होती. त्यांतल्या एकानंही स्वतःहून पुढं आलेला कागद परत केला नव्हता.

प्रबोधरावांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा शोधला, सापडेना, म्हणून फोन इराकडं दिला. इरानं वाचलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. बगळ्यांचा कप्तान ग्रेग. ज्याची लाथ काल वाया गेली तोच. सेमीफायनल हरणाऱ्याला या लीगमध्ये आणखी एक संधी असते, ती बगळ्यांना पुढच्या शनिवारी होती. त्यांचा गोल-पंच पर्थला गेला होता. ग्रेगनं विचारलं होतं, आमच्या बाजूनं उभे राहाल का?

"Why would they ask *you*?" इरा म्हणाली.

"काल सामना झाल्यावर तो आलता माझ्याकडं. 'टच्ड?' म्हणाला. मी म्हणालो, 'टच्ड.' हात मिळवला अन् गेला." प्रबोधराव खांदे उडवून म्हणाले. "त्यानं डोळा मारला नाही."

संजीव कर्णिकांचा धंदाच संधी ओळखायचा. ते पुढं झुकून म्हणाले, प्रबोधराव, जाच तुम्ही. तिकडं एखादा झेंडा आखडता घ्या. बगळे बाहेर पडले की फायनलला त्यांच्याशी खेळणारे ते लिंबूटिंबू येतील समोर, चषक आपलाच.

प्रबोधरावांनी कोपी संपवली, कप बशीत ठेवला.

"संजीवराव, बगळ्यांचा चेंडू सरळ गेला तर मी दोन झेंडे हलवणार. त्यामुळं ते फायनलला आले तर येऊ देत. अन् फायनलला तुमचा चेंडू कुणाच्या नखाला जरी शिवला, तर तुम्हालाबी एकच झेंडा. मग मला ग्रुपात ठेवायचं का काढायचं ते तुम्ही ठरवा. इरा, त्याला लिही, येतो म्हणून."

इरानं लिहिलं. रुचिर बांधलेल्या बोटांकडं बघत म्हणाला, काका, पुढच्या वेळी मला कळलं तर मीच हात वर करीन. प्रबोधराव म्हणाले, कर, पण घरी चालत जायची तयारी ठेव. याचा अर्थ टेबलावर फक्त एकीला कळला.

"म्हणजे काल खरंच लागला होता," सुनेत्रा म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"लागला होता."

"आणि मी काल रात्री पुण्याला ताईला फोन करून सांगितलं, आमचे हे एकदाचे सुधारले म्हणून."

"मग परत फोन कर. म्हणावं, न्हाई सुधारले."

सुनेत्रानं पर्समधून फोन काढला. तिनं पुण्याला फोन केला नाही. थोडा वेळ अंगठ्यानं काहीतरी टाइप केलं, एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. टेबलाभोवती सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले. 'मगरमिठी'वर निरोप आला होता:

'कालचा चेंडू लागला होता. यापुढे कुणी डोळा मारला तर डब्याच्या यादीतून नाव कमी होईल. – सौ. हातवऱ्या.'

संजीव कर्णिकांनी वाचून मान वर केली आणि विचारलं, हे हातवऱ्या कोण?

प्रबोधरावांनी हात वर केला.