स्टेपनीला बांधलेला फेटा

नातवानं गाडीची डिकी उघडली की तापलेल्या रबराचा वास येतो आणि लग्नानंतर भालकीहून राजेश्वरला सासरी निघाले ती दुपार आठवते. निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. सासऱ्यांनी ओळखीच्या वकिलांची जुनी मोटार मागून आणली होती. डिकीत माझ्या आईनं दिलेली लोणच्याची चिनी मातीची बरणी होती आणि शेजारी स्टेपनी.

गाव सुटलं आणि स्टेपनीचा बोल्ट निसटला. प्रत्येक खड्ड्याला ती धाडकन आपटायची आणि मला वाटायचं, बरणी फुटली. शेवटी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. बरणी शाबूत होती, पण स्टेपनी बांधायला दोरी नव्हती. नवऱ्याशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. खाली मान घालून म्हणाले, "तुमचा फेटा द्या की."

यांनी लगेच डोक्यावरचा जरीचा फेटा उतरवला.

"फेटा कामून सोडायलास रे?" सासूबाईंनी गाडीतून विचारलं.

"स्टेपनी बांधायलोय, अव्वा. हिनं मागितला."

मी घाबरले. सासूबाई उतरल्या, आमच्याकडं बघितलं आणि बरणी उचलून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. "दोघं मिळून घट्ट बांधा," म्हणाल्या.

एक टोक यांनी ओढलं, एक मी. हात काळे झाले आणि आम्हाला हसू आवरेना.

राजेश्वरात नवरदेव बोडक्या डोक्यानं उतरला. बायका कुजबुजायला लागल्या, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "सुनंनं मागितला, त्यानं दिला. त्यात काय झालं?"

मी लाजून जमिनीकडं बघत होते. आता वाटतं, मान वर करून सासूबाईंचा चेहरा बघायला हवा होता.