रातपाळीतली गोळी

१९७६ सालच्या जानेवारीतला मंगळवार, संध्याकाळची वेळ. टेबलावर दहाच्या दोन नोटा, म्हणजे वीस रुपये. खोलीत हजर माणसं चार: भिवंडीतल्या दवाखान्याचे डॉक्टर, मी, वडप्याचा शेतकरी गणपत आणि त्याची भावजय काशी. पाचवा माणूस बाहेर बाकावर बसला होता आणि बोलणं त्याच्याबद्दलच चाललं होतं. तो दामू. गणपतचा धाकटा भाऊ, काशीचा नवरा.

वीस रुपये सर्टिफिकेटचे होते. गणपतनं नोटा पुढे सरकवल्या.

"लिवून द्या, डाक्टर. दुसरा कागद मी दुसरीकडनं आनतो. कोर्टाचं बी मीच बघतो."

हे सर्टिफिकेट काय ते सांगायला हवं. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे एखाद्याला मेंटल हॉस्पिटलात टाकायचं तर नातेवाइकानं मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि सोबत दोन डॉक्टरांची सर्टिफिकेटं जोडायची. मॅजिस्ट्रेटची ऑर्डर निघाली की पेशंट आत. बाहेर यायला मात्र न्यायला येणारं माणूस लागे, आणि ते कागदासारखं कुठे मिळत नसे. माझ्या वॉर्डात असे काहीजण होते, की ज्यांचा आजार केव्हाच निवळला होता. स्वतःचे कपडे धुवायचे, बागेत काम करायचे, गेटवर कुणाची टॅक्सी थांबली की बघायचे. त्यांना न्यायला कुणी आलं नाही. दामूचं तसं होईल की काय, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न होता.

मी अशाच एका मेंटल हॉस्पिटलात स्टाफ नर्स होतो. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, म्हणून भिवंडीतही मी सगळ्यांचा ब्रदर झालो. घरी पाठवलेले पेशंट वर्षाच्या आत परत येतात, हे आमच्या सुपरिंटेंडेंटांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी मला आठवड्यातून दोन दिवस बाहेर पाठवायला सुरुवात केली. मंगळवारी धामणकर नाक्याजवळच्या या दवाखान्यात आणि शनिवारी खारबावला. घरी गेलेल्या पेशंटवर लक्ष ठेवायचं, औषध चालू आहे का बघायचं, घरच्यांशी बोलायचं. याला आम्ही फॉलो-अप म्हणतो. आमचे पेशंट सर्दी-तापाच्या रांगेतच बसत. कुठे चाललास म्हणून कुणी विचारलं तर "डॉक्टरकडे" एवढं सांगून सुटत. ही सोय फार मोठी होती.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "ब्रदर, तुम्ही इथे नेमकं काय करणार?"

"गप्पा मारणार."

"त्याचे पैसे सरकार देतं?"

"देतं."

"मग मारा," ते म्हणाले आणि मला औषधांच्या कपाटाशेजारी एक स्टूल दिलं.

दामू पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडून सुटला होता. आजारात त्याला आवाज ऐकू येत. त्याच्या लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं कापड चोरून हायवेनं नेलं जातंय, असं ते आवाज सांगत. औषधानं आवाज बंद झाले. नाक्यामागच्या खोलीत काशीबरोबर तो राहू लागला, आणि शेठनं त्याला परत लूमवर घेतलं. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग आजार उलटला. या खेपेला तो वडप्याजवळ हायवेवर हात वर करून ट्रकसमोर उभा राहिला होता. ट्रक रस्ता सोडून शेतात उतरला. माणूस कुणी जखमी झालं नाही. दिवाळीनंतर असं तिसऱ्यांदा होत होतं.

"ड्रायवरनं ब्रेक मारला म्हनून वाचला," गणपत म्हणाला. "दर खेपेला मारंल का कुनी ब्रेक?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काशीला विचारलं की दिवाळीनंतर घरात काय बदललं. काही नाही म्हणाली. खोली तीच, काम तेच, शेठ तोच. गोळ्या घेतो का? घेतात, डॉक्टरांनी सांगितलंय तशाच घेतात. ती खोटं बोलत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. खोटं बोलणारं माणूस गोळ्यांबद्दल जरा जास्तच सांगतं.

मी पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत मागितली. गणपत भडकला नाही, पण त्यानं मला सुनावलं.

"ब्रदर, तुमच्याकडं शंभर येडे अस्तील. माझ्याकडं येकच हाय. पन त्यो माझा हाय. त्याला गाडीखाली बघायचा न्हाय मला."

डॉक्टरांनी दामूला इंजेक्शन दिलं. चार-सहा दिवस गणपतनं त्याला वडप्याला आपल्या नजरेखाली ठेवायचं आणि गोळ्या स्वतःच्या हातानं द्यायच्या, असं ठरलं. वीस रुपये पाकिटात घालून डॉक्टरांनी टेबलाच्या खणात ठेवले. सर्टिफिकेट दिलं तर फी, नाही दिलं तर परत. गणपतनं खणाचं कुलूप लागेपर्यंत वाट पाहिली आणि मगच उठला.

शनिवारी खारबावचं काम संपवून मी वडप्याला गेलो. दामू अंगणात वाल सोलत बसला होता. इंजेक्शननं आणि झोपेनं तो बराच शांत झाला होता. मी त्याच्या समोर बसलो आणि थोडे वाल ओढून घेतले.

हॉस्पिटलात आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो आवाजांचा. येतात का, काय म्हणतात. हा प्रश्न दामूनं इतक्यांदा ऐकला होता की तो उत्तरं तयार ठेवून बसला होता. म्हणून मी त्याला लूमबद्दल विचारलं. किती चालवतोस? चार, म्हणाला, आणि पहिल्यांदा मान वर केली.

मग तो बोलत सुटला. धोटा कसा असतो ते त्यानं मला वालाची शेंग हातात धरून दाखवलं. धोटा म्हणजे बाण्याचं, म्हणजे आडवं सूत पोटात घेऊन कापडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. माणूस पेंगला की सूत तुटलेलं दिसत नाही आणि कापड खराब होतं. कधी धोटा जागा सोडून उडतो आणि शेजारच्याच्या तोंडावर बसतो. त्याच्या शेडमध्ये एकाचे पुढचे दात गेले होते.

"म्हनून रातपाळीला मी गोळी घेत न्हाय," दामू म्हणाला. "पेशंट असलो तरी कामावर झोपनारा मानूस न्हाय मी."

हे त्यानं अभिमानानं सांगितलं. माझ्या हातातला वाल हातातच राहिला.

"रातपाळी कधीपासून?"

"दिवाळीपासून. शेठनी दुसरी पाळी काढली ना. येक आठवडा दिवस, येक आठवडा रात. शुक्रवारी सुट्टी झाली की पाळी पालटते."

"मग रातपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपताना घ्यायची."

"डाक्टर म्हनाले, रात्री झोपताना घे. रातपाळीला मी रात्री झोपतच न्हाय."

दुसरी पाळी सुरू झाली त्या पहिल्याच रात्री त्यानं सांगितल्याप्रमाणे गोळी घेतली होती. मध्यरात्रीच्या आधीच पेंगायला लागला. मुकादमानं तोंडावर पाणी मारून उठवलं आणि पुन्हा झोपलास तर घरी जा म्हणून बजावलं. तेव्हापासून दामू एक आठवडा गोळी घेई आणि एक आठवडा घेत नसे. त्यातून रातपाळीत दिवसाची झोप ती किती? शेजारच्या शेडची खडखड, वरून पत्रा. या आजाराला झोप मोडणं अजिबात चालत नाही. औषध अर्धं आणि झोप अर्धी, अशा दोन्ही बाजूंनी त्याला धक्का बसत होता.

गोळ्या सांगितल्याप्रमाणेच घेतात, हे काशीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि काही बदललं नाही म्हणाली तेही खरंच होतं. भिवंडीत अर्धं गाव दर शुक्रवारी पाळी बदलतं. तिथे पाळी बदलणं म्हणजे आठवड्याचा वार बदलणं. त्याला कुणी बदल म्हणत नाही.

मंगळवारी मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते उठले, दारात गेले आणि बाकावरच्या लोकांना विचारलं, या आठवड्यात रातपाळीला कोण कोण आहे? बरेच हात वर झाले. मधुमेहाचा एक पेशंट न विचारताच म्हणाला, "डॉक्टर, मी रातपाळीला सकाळची गोळी सोडतो. सकाळी जेवतोच कुठे?" डॉक्टर त्याला सगळ्यांच्या आधी आत घेऊन गेले. त्या संध्याकाळी दवाखाना बंद व्हायला उशीर झाला.

गोळीचा प्रश्न सोपा होता. झोपशील तेव्हा घे, घड्याळ बघू नकोस. पण झोपेचा प्रश्न राहत होता. दामूला कायमची दिवसपाळी हवी होती, आणि ती शेठच्या हातात होती. गणपतनं त्या मंगळवारी दामूला दवाखान्यात आणलं होतं, त्याला बरोबर घेऊन मी शेडवर गेलो. लूमच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. शेठनं आम्हाला मागच्या खोलीत नेलं. मुकादमही आला, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं दारात दोन-तीन कामगार उभे राहिले. दामूचा आजार तिथे कुणापासून लपलेला नव्हता. तरी मी तेवढंच बोललो जेवढं बोलायला दामूनं मला वाटेत परवानगी दिली होती. याला रात्रीची झोप हवी. ती मिळाली तर हा काम नीट करेल.

शेठनं ऐकून घेतलं. दामूचं कापड चांगलं असतं, हेही मान्य केलं. पण म्हणाला, "ब्रदर साब, एक को हमेशा का दिन दिया, तो कल दस लोग माँगेंगे. उसकी रात कौन करेगा? मैं?"

त्याचं बरोबर होतं. चार लूम रात्री बंद ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं. दामू खाली बघत उभा होता.

तेव्हा दारातून इद्रिस बोलला. तो उत्तरेकडून आलेला कामगार. दामूच्या बदलीचा माणूस तोच. दामू दिवसा असला की इद्रिस त्याच लूमवर रात्री असे, आणि दर शुक्रवारी दोघांची अदलाबदल.

"सेठ, मुझे हमेशा की रात दे दो."

"क्यों? तू पागल है क्या?"

"पागल को तो आप दिन दे रहे हो."

सगळे दामूकडे बघू लागले. मग दामू हसला. मोठ्यानं, पोट धरून. हॉस्पिटलात मी त्याला महिनोन्महिने पाहिलं होतं, पण हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. तो हसतोय म्हटल्यावर बाकीचेही हसले, मुकादमसुद्धा.

इद्रिसचं कारण अगदी साधं होतं. तो इतर कामगारांबरोबर एका खोलीत राहायचा. रात्री तिथे कूस बदलायला जागा नसे. दिवसा खोली रिकामी. "दिन में खाट अपनी, पंखा अपना," तो म्हणाला. त्याला दिवसा गाढ झोप लागायची. शेडच्या आवाजानं त्याची झोप मोडत नाही, उलट आवाज बंद पडला की मोडते, असं मुकादमानं सांगितलं.

शेठनं होळीपर्यंत बघू म्हणून सांगितलं. गणपतनंही होळीपर्यंतच कबूल केलं. त्याची अट एकच. दर शुक्रवारी सुट्टीला दामूनं वडप्याला यायचं आणि त्याच्या डोळ्यांसमोर जेवायचं. "कागदावर माझा भरोसा न्हाय. जेवताना मानूस कळतो," असं त्याचं म्हणणं. मी तपासायला शिकलेला माणूस, पण या तपासणीत मला काही खोट दिसली नाही.

होळी आली आणि गेली. हायवेचा रस्ता दामूनं धरला तो फक्त शुक्रवारी, एस. टी. मध्ये बसून. आवाज पूर्ण गेले असं मी म्हणणार नाही. कधी एखादा येई. दामू म्हणायचा, लूम चालू असला की त्याचं काय ऐकू येतंय. गोळी मात्र तो रोज घेई, आणि रोज रात्री झोपे.

डॉक्टरांनी तेव्हापासून केस पेपरवर नाव, वय यांच्याखाली पाळी लिहायला सुरुवात केली. मीही खारबावला तेच करू लागलो. तिथे एक म्हातारी म्हणाली, मी घरीच असते, माझी पाळी कसली? मग सांगितलं की रात्री दोनला उठून ती मुलासाठी डबा करते. तिचीही पाळी लिहिली. मी पंधरा वर्षं पेशंटला झोप लागते का म्हणून विचारत आलो होतो. झोपायला कधी मिळतं, हा प्रश्न मला भिवंडीनं शिकवला.

मे महिन्यात गणपत दवाखान्यात आला. बरोबर दामू आणि काशी. गणपतच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आमंत्रण द्यायला आले होते. आमंत्रण देऊन झाल्यावर गणपत हलेना. त्याची नजर खणावर होती.

डॉक्टरांनी कुलूप काढलं. पाकीट तसंच होतं. त्यांनी दोन्ही नोटा स्वतः ठेवल्या आणि अठरा रुपये मोजून त्याच्यापुढे ठेवले.

"दोन कसले?" गणपतनं विचारलं.

"तपासणीचे. जानेवारीत तपासला होता."

"बरा निघाला त्याचे बी दोन?"

"दोनच. वेडा निघाला असता तर वीस."

गणपतनं अठरा रुपये उचलले, पुन्हा एकदा मोजले आणि दामूच्या हातात दिले. हळदीला येताना नवा शर्ट घालून ये म्हणाला, पाहुण्यांत माझा भाऊ उठून दिसला पायजे. दामूनं ते काशीकडे दिले. काशीनं ते कमरेला खोचले आणि म्हणाली, शर्टापुरते देईन.

तर हिशेब असा: दोन रुपये डॉक्टरांना, अठरा काशीला. दुसऱ्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटचे आणि कोर्टाच्या अर्जाचे पैसे कुणालाच द्यावे लागले नाहीत.