अर्ध्या पोटाचे डॉक्टर

आमचे डॉक्टर पोटाला हात लावण्याआधी तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे. थंड हात लागला की पोट आक्रसतं आणि खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. रत्नागिरीत त्यांनी अल्सरची किती पोटं फाडली ते देवाला ठाऊक. माझं त्यातलंच एक.

चाळीसेक वर्षं झाली. रक्ताची उलटी झाली म्हणून पालीहून जीपमध्ये घालून नेलं. त्यांनी अर्धं पोट कापून काढलं. घरी सोडताना माझ्याशी नाही, बायकोशी बोलले. "वहिनी, अर्धं मी काढलं. उरलेलं अर्धं तुमच्या ताब्यात." तिच्या डब्यातली लहान वाटी उचलून दाखवली. एका वेळी एवढंच, दिवसातून सहा वेळा.

ती वाटी बायकोने कधी बदलली नाही. मी एकदाच फसवलं. भाच्याच्या हळदीला वडे-सागोती भरपेट हाणली, वर गोड. अर्ध्या तासात घाम, धडधड, मांडवातच आडवा. पाहुणे म्हणाले, प्यायलाय. बायको म्हणाली, "प्यायला असता तर परवडलं असतं."

पुढे अल्सरवर जंतू मारायच्या गोळ्या आल्या. कापायचं काम जवळजवळ संपलं. पित्ताशयसुद्धा दुर्बीण घालून चार भोकांतून काढायला लागले, माणूस दुसऱ्या दिवशी घरी. मी म्हटलं, डॉक्टर, धंदा बसला तुमचा. तर हसले. "बसू दे मेल्या. न कापता माणूस बरा होतो, मग सुरी कशाला हवी?" तरी शिकाऊ डॉक्टर आले की मला बोलावून शर्ट वर करायला लावायचे. छातीखालून बेंबीपर्यंतचा व्रण. "नीट बघून घ्या, असं पोट पुन्हा दिसायचं नाही." मी आपला जत्रेतल्या दोन तोंडांच्या वासरासारखा उभा.

यंदा बायको गेली. वाटी मी फडताळात टाकली आणि जेवण सोडलं. चहावर राहायचो. मुंबईचा मुलगा फोनवर रागवायचा, मी खाल्लं म्हणून सांगायचो. त्यानेच डॉक्टरांना कळवलं असणार.

ऐंशी उलटलेले डॉक्टर काठी टेकत आले. सांत्वन वगैरे काही नाही. आडवा हो म्हणाले. तळहात घासले. हात अजून तसेच गरम होते.

"रिकामं आहे. वाटी कुठाय?"

काढून दिली. शेजारणीने झाकून ठेवलेली पेज त्यांनी स्वतः वाटीत ओतली.

"वहिनींनी चाळीस वर्षं सांभाळलेलं पोट आहे. तुझ्या एकट्याचं नाही ते."

त्या दिवशी एकदा खाल्लं, दुसऱ्या दिवशी दोनदा. आता सहावर आलोय. खाऊन झालं की वाटी धुऊन पालथी घालतो, बायको घालायची तिथेच.