पत्रा गप झाला पाहिजे

आधी बोटाच्या पेराने टक्‌टक्‌ करायचं, मग तळहात सपाट टेकवायचा, मान वाकडी करून डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "बोलतंय अजून."

जॉबरकाकांचा हा रिवाज गाडीच्या पत्र्यापुरता नव्हता. माझ्या दुकानाचं शटर, टेबलाचा खण, समोरच्या चहावाल्याची किटली, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला. एकदा माझा मेव्हणा नवी सुटकेस घेऊन गावाला निघाला होता, तर तिलाही त्यांनी वाजवून, हात ठेवून पाहिलं. "बोलतंय" म्हणजे वस्तू थरथरते, आवाज करते. "गप हाय" म्हणजे पास. सोलापुरात माझं गाड्यांच्या सीटा आणि कव्हरांचं दुकान. फोम, लोकर दाबून केलेला नमदा, काथ्या, रेक्झिन असल्या मुक्या वस्तू माझ्याकडे ढीगभर. त्यापायीच ते माझ्याकडे येऊ लागले, आणि एकदा येऊ लागल्यावर त्यांना थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराची. जॉबर म्हणजे मिलमधल्या मागांची देखभाल करणारा आणि त्यांवरच्या माणसांकडून काम करून घेणारा मुकादम. काकांनी उभी हयात मिलच्या विणकाम खात्यात काढली. निवृत्त झाल्यावर तरी माणसाने शांत जागा बघावी की नाही? यांचं घर पहिल्यापासून अशा गल्लीत, की डाव्या भिंतीला लागून एकाचे पॉवरलूम आणि उजव्या भिंतीला लागून दुसऱ्याचे. मी म्हटलं, "काका, मिलमधून सुटलात आणि परत मागातच जाऊन बसलात की."

"मला काय तरास न्हाय त्येचा," ते म्हणाले. हे साधं वाक्य रस्त्यापलीकडच्या माणसांनी माना वळवून ऐकलं.

मिलमधली माणसं मोठ्यांदा बोलतात हे तुम्हीही पाहिलं असेल. पण काका खासगीतलंही तसंच बोलत. माझ्या कानाशी तोंड आणून, "शेट, कुनाला बोलू नका हां," अशी सुरुवात करत, आणि पुढचं सगळं ऐकून चहावाला तिकडून सल्ला देई. ऐकण्याची गोष्ट आणखी निराळी. मागांच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळे ओठ वाचतात. एके दिवशी ते रस्ता ओलांडत होते तेव्हा मी दुकानातल्या कारागिराला हळूच म्हणालो, "आला म्हातारा. गेली दुपार." काका रस्त्याच्या मधूनच ओरडले, "म्हातारा आलाय खरा. च्या सांगा!" त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल काही बोलायचं तर मी पाठ फिरवून बोलत असे.

आता गाडीचं सांगतो. ती एक जुनी विलायती गाडी होती, गोल डोळ्यांची, बसक्या अंगाची. एके काळी मिलच्या बड्या साहेबाची. साहेब गेले, गाडी मिलच्या गोदामात गंजत पडली, आणि शेवटी ती भंगाराच्या भावात फिरत फिरत काकांच्या दारात आली. इंजिन खोलून बसवायचं काम एका मिस्त्रींनी केलं. रंग झाला, काचा झाल्या. कुणीही म्हटलं असतं, झाली गाडी. काका म्हणाले, "कुटं झाली? पत्रा गप झाला पायजे."

त्याला कारण होतं. तरुणपणी एकदा मागावरचा, सूत इकडून तिकडे नेणारा धोटा उडून त्यांच्या खांद्यावर बसला. साहेबांनी याच गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. "दार लावलं आनि मिल बंद झाली शेट," ते सांगत. "म्हंजी मिल चालूच हुती. पर मला माजा श्वास ऐकू आला. खांदा फुटलाय, आनि मी आपला श्वास ऐकत बसलोय."

पण गाडी गप करायची ती स्वतःचा श्वास ऐकायला नव्हे. एके सकाळी नळावरची एक बाई त्यांना म्हणाली होती, काकू काय गोड गातात हो. काका चकितच झाले. काकू मैंदर्गीकडच्या. घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि भरता भरता माहेरची कानडी गाणी गुणगुणायच्या. आवाज बारीक, स्वभाव त्याहून बारीक. शेजारच्या बायकांना ते ठाऊक होतं. इतकी वर्षं एका घरात राहून नवऱ्याला मात्र ठाऊक नव्हतं. घरात असला की दोन्ही भिंतींतून माग, आणि घराबाहेर मिल.

"मला एकदा ऐकायचं हाय," त्यांनी मला सांगितलं. तेवढं एक वाक्य त्यांनी खरोखर हळू म्हटलं, आणि चहावाल्याने काही सल्ला दिला नाही.

मग आमची निवड सुरू झाली. दोन शत्रू होते, आवाज आणि उष्णता. सोलापूरच्या उन्हाळ्यात काचा लावून गाडीत बसायचं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्यात इंजिनाची धग पुढच्या पत्र्यातून थेट पायांवर येई. "तिचं पाय पोळलं तर ती कशाला गाईल?" हा काकांचा सवाल बिनतोड होता.

आवाजासाठी आम्ही गजराचं घड्याळ एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. डब्याला आतून कधी नमदा, कधी फोम, कधी काथ्या, कधी मिलमधला टाकाऊ कापूस लावायचा आणि गजर होऊ द्यायचा. मी कान लावून ऐके. काका डब्यावर हात ठेवत. माझं आणि त्यांचं मत नेहमी जुळे असं नाही. फोममधून आवाज अडला असं मला वाटे, तर ते म्हणत, "हाताला लागतंय की." उष्णतेसाठी स्टोव्हवर तवा, तव्यावर पत्र्याचा तुकडा, त्यावर एकेक माल आणि सर्वांत वर पुन्हा काकांचा हात. फोम तापून वास मारू लागला. काथ्या करपला. डांबर लावलेलं गोणपाट आवाज छान अडवत होतं, पण उन्हात पाघळणार हे दिसतच होतं. माझं दुकान त्या दिवसांत भटारखान्यासारखं दिसायचं, आणि खरं गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. मी चिडचिड करायचो. पण सकाळी काका यायला उशीर झाला की रस्त्याकडे बघायचोही मीच.

शेवटी ठरलं ते असं. पत्र्याला आतून डांबराचा पातळ हात, तो थरथर मारतो. त्यावर नमदा. इंजिनाकडच्या पत्र्याला, नमद्याच्या आधी, चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद, धग परतवायला. ही कागदाची कल्पना चहावाल्याची, आणि पुढे जन्मभर त्याने ती आम्हाला ऐकवली.

काम झालं. गाडी होटगीच्या रस्त्याला नेऊन आणली. मी मागे बसलो होतो. खरंच सांगतो, फार सुरेख शांत झाली होती. काका उतरले, छतावर हात ठेवला आणि तोंड पाडून म्हणाले, "हाताला गप लागतंय. पर आत बारीक आवाज येतोय. रातकिड्यावानी."

मिस्त्रींनी इंजिन तपासलं. काही नाही. आम्ही दारं उघडून आणखी नमदा भरला. काका पुन्हा बसले. "वाढला की वो!" छताला दुसरा थर दिला. आवाज आणखी वाढला. आम्ही जितकं भरत गेलो तितका त्यांचा रातकिडा मोठा होत गेला. मिस्त्री वैतागून म्हणाले, "चाचा, अब क्या गाडी में रजई भरते?" मीही पाठ फिरवून पुष्कळ काही बोललो.

त्याच सुमाराला एका सकाळी काकू एकट्या दुकानात आल्या. काखेत घडी केलेली काळी घोंगडी. त्यांचं बोलणं ऐकायला मला टेबलावरून पुढे वाकावं लागलं. "माज्या आईची हाय. लोकर हाय, ऊन धरत न्हाय. लावून बघा म्हनाले हे." मग म्हणाल्या, "शेट, मला गाता येत न्हाय वो. उगं बायका काय बी सांगतात. तुमी तरी त्येना सांगा की. एवढा खटाटोप, आनि मग ऐकून हसतील."

मी सांगतो म्हटलं आणि सांगितलं नाही. घोंगडी कापताना मात्र मी कात्री दोनदा खाली ठेवली. ती आम्ही पुढे, काका-काकूंच्या पायांखाली येईल अशी अंथरली.

मग ती वीजकपातीची दुपार आली. काका दुकानासमोर गाडीत बसले होते, इंजिन बंद, काचा वर, चेहरा तसाच वैतागलेला. अचानक वीज गेली. आसपासचे सगळे माग एकामागून एक थांबले. अशी शांतता पडली की चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज मला दुकानात ऐकू आला. काकांनी दार उघडलं आणि ते बाहेर आले. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मान वाकडी केली. मग दोन्ही कानांत बोटं घातली आणि तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसले.

"गाडी गप हाय शेट," ते म्हणाले. "आवाज हितं हाय." आणि कपाळावर टक्‌टक्‌ केलं.

मिलने इतकी वर्षं त्यांच्या कानांत जे भरलं होतं, ते तिथेच राहिलं होतं. घरी शेजारचे माग ते झाकत. आम्ही शोधून शोधून थर लावले आणि त्याच्यासाठी जागा करून दिली. त्यांना बारीक आवाज ऐकू येतच नव्हते. आमचं अगदी जवळचं बोलणंसुद्धा ते ओठांवरूनच वाचत होते, आणि हे आम्हाला कळलं नव्हतं, त्यांनाही नाही. मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगीच नमद्याच्या गुंडाळ्या इकडच्या तिकडे लावत बसलो.

पुढे बरेच दिवस ते आले नाहीत. चहावाला रोज विचारी, म्हातारा कुटं हाय? मी म्हणे, मला काय ठाऊक.

आणि एके दुपारी गाडी येऊन दुकानासमोर थांबली. माग जोरात चालू होते. शेजारच्या सीटवर काकू, डोक्यावर पदर, नजर खाली. काकांनी काचा वर केल्या, इंजिन बंद केलं. मी गल्ल्यावरून बघत होतो. काकूंचे ओठ हलू लागले. ओठ वाचण्यात हयात घालवलेला तो माणूस डोळे घट्ट मिटून बसला होता. त्यांनी उजवा हात काकूंच्या मागून नेला आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळवा सपाट टेकवला. मान वाकडी केली. गजराच्या त्या डब्यावर ठेवत तसाच.

भर रस्त्यावर नवऱ्याने बायकोच्या पाठीवर हात ठेवण्याचे ते दिवस नव्हते. पण एकाही माणसाने तिकडे बोट दाखवलं नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यांच्या बाजूची काच खाली आली आणि काका माझ्याकडे बघून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "शेट! बोलतंय!"

काकूंनी पदरात तोंड लपवलं. चहावाल्याने न सांगता चार चहा आणले.

त्यानंतर ती दोघं पुष्कळदा गाडीतून जाताना दिसत. होटगीच्या रस्त्याला एका चिंचेखाली गाडी उभी दिसे, काचा वर केलेली. आम्ही तिथून जाताना सायकलची घंटीसुद्धा वाजवत नसू, जणू काकांना ती ऐकू जाणार होती.

दोनेक वर्षांनी एका थंडीत काका गेले. फार आजारी पडले नाहीत. मी पोचलो तेव्हा गल्लीतल्या मागवाल्यांनी आपले माग बंद ठेवले होते. काका असते तर म्हणाले असते, चालू द्या की, मला काय तरास न्हाय त्येचा.

मला त्यांची फार आठवण येते. दुकानात नवा माल आला की मी अजून वाजवून बघतो, हात ठेवतो, आणि निकाल द्यायला कुणी नाही हे ध्यानात येतं. अजूनही कुणाबद्दल वाईट बोलायचं असलं की मी आधी पाठ फिरवतो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी काकूंच्या गल्लीत गेलो. गाडीला गिऱ्हाईक होतं, विकायची का ते विचारायचं होतं. गाडी कडुलिंबाखाली उभी होती. दोन्हीकडचे माग धडधडत होते. काकू गाडीत बसल्या होत्या, आपल्या नेहमीच्या जागेवर, काचा वर, पाय घोंगडीवर. पाठ सीटला टेकवलेली नव्हती. मागे हात जाईल एवढी जागा ठेवून त्या किंचित पुढे सरकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

विचारायचं ते मी विसरलो. जवळ गेलो, कान दिला. मग हळूच गाडीच्या छतावर तळहात सपाट टेकवला आणि मान वाकडी केली.

पत्रा अगदी गप होता.