चौदा रेकॉर्डिंगांची पहिली ओळ

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. पुण्याहून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला घरी परत आले तेव्हा आमच्या वॉर्डातल्या लोकांनी पोरीची नोकरी गेली असं परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि मी त्यातल्या निम्म्यांशी तरी भांडले होते. नोकरी गेली नव्हती. कंपनी पुण्याचीच होती, कामही तेच होतं, फक्त लॅपटॉप आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आला होता. त्या खोलीत आईचं शिलाई मशीन आधीपासून होतं. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती एका भिंतीकडे तोंड करून ब्लाऊज शिवायची, मी दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून ॲपमधल्या चुका शोधायचे.

ॲप शेतकऱ्यांसाठी होतं. भात कापणीला आला की कापायचं यंत्र मोबाइलवरूनच ठरवायचं: गाव निवडा, दिवस निवडा, यंत्र निवडा, झालं. दर नव्या आवृत्तीत यातलं प्रत्येक बटण मी हाताने दाबून बघत असे. चाचणीसाठी किरनापूर, रामपायली, राजेगाव ही आमच्या बाजूची गावं मीच घातली होती, आणि पुण्यातली मंडळी मीटिंगमध्ये ती नावं वाचताना अडखळली की मला बरं वाटायचं.

मग कंपनीने रेकॉर्डर आणला. फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, रेकॉर्डरचं लाल बटण दाबायचं आणि नेहमीसारखं ॲप वापरायचं. बोट कुठे लागलं, काय टाइप केलं, हे तो एकेक ओळ करून लिहून घेतो. पुढे त्याच ओळी वाचून तो आपला आपण ॲप चालवतो, माणूस लागत नाही. मी हौसेने चौदा रेकॉर्डिंगं केली. माझ्या फोनवर चौदाही धावली. पुण्याच्या ऑफिसात एका फळीवर दहा वेगवेगळे फोन मांडून ठेवले होते, तिथे चौदाही पडली, आणि तीही एकाच जागी. दुसऱ्याच पायरीला रेकॉर्डर म्हणायचा की ‘गाव शोधा’ हे बटण सापडत नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी विषय काढला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागतं. त्या म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत ही रेकॉर्डिंगं इथल्या फोनवर चालली नाहीत तर हे सगळं काम ऑफिसातूनच करावं लागेल, आणि मग तुलाही पुण्याला यावं लागेल. धमकी नव्हती ती. पण एका खोलीत चौघींत राहून मी पुण्यात दोन वर्षं काढली होती आणि तशी परत काढायची माझी तयारी नव्हती. आईला एकटीला इथे सोडायचंही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वॉर्डातल्या त्या सगळ्या शहाण्यांना खरं ठरू द्यायचं नव्हतं.

मंगळवारी मी केबल बदलली. रेकॉर्डर काढून पुन्हा टाकला, काही रेकॉर्डिंगं नव्याने केली. ॲप उघडायला वेळ लागत असेल म्हणून प्रत्येक पायरीआधी पाच सेकंद थांबायला सांगितलं. तो पाच सेकंद थांबायचा आणि मग पडायचा. पुण्यातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं की तिकडे नेट नीट नसेल. चाचणी पडत होती त्याच्या टेबलाशेजारी, त्याच्याच ऑफिसच्या नेटवर, आणि दोष बालाघाटच्या नेटचा! मी त्याला जे लिहिलं ते पाठवण्याआधी तीनदा पुसलं, यातच माझा संयम दिसतो.

बुधवारी मी चौदाही रेकॉर्डिंगांच्या ओळी वाचून काढल्या. पहिली ओळ होती, स्क्रीनवर अमुक जागी टॅप. दुसरी ओळ, ‘गाव शोधा’. पहिल्या ओळीवरून माझी नजर दर वेळी घसरून पुढे गेली. चौदाच्या चौदांमध्ये ती होती, म्हणून मला वाटलं की ती रेकॉर्डरची स्वतःचीच असणार, सरकारी अर्जाच्या वर छापलेल्या मजकुरासारखी. अर्ज भरताना तो मजकूर कोण वाचतं? मी सगळा दोष दुसऱ्या ओळीत शोधत बसले, आणखी काही रेकॉर्डिंगं नव्याने केली आणि बुधवारही गेला. संध्याकाळी आईने जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा मी तिच्यावरच खेकसले. तिने माझं ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी दुपारी मला शेवटची एक युक्ती सुचली. फोनमध्ये एक सोय असते. ती चालू केली की बोट जिथे टेकेल तिथे पांढरा ठिपका दिसतो. फोनची स्क्रीन लॅपटॉपवर मोठी करून दाखवायची, प्रत्येक ठिपका मोजायचा आणि ठिपके आणि ओळी जुळतात का बघायचं. पण ॲप चालवायचं आणि ठिपकेही मोजायचे हे एकटीला जमेना. म्हणून मी आईला मशीनवरून उठवलं, लॅपटॉपसमोर बसवलं आणि ठिपका दिसला की आकडा म्हण, असं सांगितलं. आईने सुई दोऱ्यासकट पदराला टोचून ठेवली आणि चष्मा पुसून बसली.

मी लाल बटण दाबलं. फोन हातात घेतला.

“एक,” आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, मी अजून काही दाबलेलंच नाही, नीट बघ. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिचं “एक”. आता माझं डोकं फिरलं. चार दिवसांचा सगळा राग मी तिच्या चष्म्यावर काढला आणि तो आधी बदलून घे म्हणाले. तिने चष्म्याला हातही लावला नाही.

“मायावर काहून चिडून राह्यली? तू डोये मिटून फोन डोक्याले लावला ना, तवाच आला तो ठिपका. तुले कसा दिसन? तुये तं डोये बंद होते.”

मी फोन पुन्हा कपाळाला लावला, या वेळी डोळे उघडे ठेवून.

आमच्या घरात कामाची वस्तू हातात घेतली की आधी तिला नमस्कार करतात. आई मशीनच्या चाकाला हात लावून तो कपाळाला नेते. वडील गोंदियाची बस चालवायचे, ते स्टेअरिंगवर कपाळ टेकवायचे. मी फोन कपाळाला लावते. इतक्या वर्षांच्या सवयीमुळे मी हे करते हेच मला ठाऊक नव्हतं. आणि लाल बटण दाबलं की काम सुरू झालं, असा माझ्या मनाचा हिशेब, म्हणून नमस्कार त्यानंतरचा. फोनला बोटाची कातडी आणि कपाळाची कातडी सारखीच. त्याने इमानदारीने स्पर्श नोंदवला आणि रेकॉर्डरने तो पहिल्या ओळीत लिहिला.

मी चौदाही फायली उघडल्या आणि या वेळी पहिली ओळच वाचली. प्रत्येकीतली जागा थोडी वेगळी होती. रेकॉर्डरची छापील ओळ असती तर ती चौदा वेळा सारखीच असायला हवी होती, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मंगळवार-बुधवारी मी जी रेकॉर्डिंगं नव्याने केली होती त्यांत तर नुसता टॅप नव्हता, दोन-दोन सेकंद दाबून धरल्याची नोंद होती. काम जसजसं अडत गेलं तसतसा मी देवाचा धावा जास्त वेळ केला होता, आणि जितका जास्त धावा तितकी माझीच चूक घट्ट बसत गेली होती. मला हसूही आलं आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असंही वाटलं.

पुढचं कोडं मिनिटात सुटलं. माझ्या फोनवर ॲपच्या पहिल्या पानाचा मधला भाग कोरा येतो, तिथे कपाळ लागलं काय नि न लागलं काय. पुण्याचे फोन वेगळ्या मापांचे. त्यांच्यावर नेमक्या त्याच जागी हवामानाचा चौकोन येत होता. तिथे टॅप झाला की हवामानाचं पान उघडायचं, आणि त्या पानावर ‘गाव शोधा’ हे बटण कुठून असणार?

मी चौदाही पहिल्या ओळी काढून टाकल्या. आईने मात्र एक रेकॉर्डिंग नव्याने करायला लावलं. “पयले पाया पड, मंग ते लाल बटन दाब,” तिने बजावलं. मी तसंच केलं. सगळं पुण्याला पाठवलं आणि आम्ही दोघी लॅपटॉपवर निकालाचं पान उघडून बसलो. आई मशीनवर परत गेलीच नाही. पहिल्या फोनसमोर हिरवी खूण आली. मग दुसऱ्या, मग पाचव्या. एक फोन बराच वेळ नुसता फिरत राहिला आणि माझा जीव टांगणीला लागला, शेवटी तोही हिरवा झाला. दहाच्या दहा फोन, चौदाच्या चौदा चाचण्या. मी असा काही आरडाओरडा केला की समोरच्या घरातली बाई काय झालं म्हणून दारात आली. आजवर बऱ्याच परीक्षा पास झाले आहे, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

शुक्रवारच्या मीटिंगसाठी मी आधी एक सभ्य वाक्य तयार केलं होतं, की रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक अनावश्यक स्पर्श नोंदला गेला. ऐन वेळी ते माझ्या तोंडून निघेना. मी सरळ सांगितलं की मी फोन कपाळाला लावते आणि चूक तिथे होती. खसखस पिकली, आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो नेटवाला सहकारी. प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्यालाच त्याच्या रेकॉर्डिंगांच्या पहिल्या ओळी उघडून दाखवायला सांगितल्या. सहांमध्ये तसाच भलता टॅप निघाला. फोन उचलताना त्याचा अंगठा कडेला लागत होता, आणि त्या चाचण्या आजवर निव्वळ नशिबाने पास होत होत्या. मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

“यापुढे कोणाचंही रेकॉर्डिंग तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जाणार नाही,” बाई मला म्हणाल्या. “तिथूनच तपासत जा. इथे यायची गरज नाही.”

मी लॅपटॉप मिटला आणि मागे वळून आईला सगळं सांगितलं. ती फक्त “हौ” म्हणाली, आणि उशाखालचा आपला फोन काढून तिने कोणालातरी लावला. मला वाटलं, आता लेकीचं कौतुक नातेवाइकांत वाटणार. पण फोन गल्लीतल्या एका गिऱ्हाइणीला होता, आणि तो ऐकताना मला जे कळलं ते त्या घडीपर्यंत तिने मला कळू दिलं नव्हतं. सोमवारची मीटिंग तिने मशीनवर बसल्या बसल्या ऐकली होती. त्याच दिवशी तिने सगळ्या बायकांना निरोप धाडला होता, की नवीन कपडे आणू नका, मी मशीन घेऊन पोरीसंगं पुण्याला चालली.

आईला पुणं आवडत नाही. दोन वर्षांत ती एकदाच आली होती आणि तिसऱ्या दिवशी परत निघाली होती.

“आना वो कपडे,” ती फोनवर सांगत होती. “आमी कुठीच नाही जाऊन राह्यलो.” तो फोन ठेवून तिने दुसरा लावला आणि तेच हिंदीत सांगितलं, मग तिसरा. अंधार पडायच्या आत आमच्या दारात पाच पिशव्या येऊन पडल्या होत्या.